सेशेल्सच्या खासगी बेटांवर संवर्धनाचं काम: नव्यानं जाणाऱ्यांसाठी

सेशेल्समधली कूझीन, फ्रेगेट, नॉर्थ आयलंड, डेनिस, बर्ड आयलंड ही बेटं पाहुण्यांच्या पैशावर चालत आली आहेत आणि तिथलं संवर्धनही त्याच पैशातून होत आलं आहे. मोजके व्हिला किंवा बंगले, आणि बाकी सगळीकडे कासवांचे किनारे, समुद्रपक्ष्यांच्या वसाहती, जगात दुसरीकडे कुठेच न सापडणारे पक्षी. संवर्धनाची तुकडी लहान असते: एखादा व्यवस्थापक, एक-दोन अधिकारी आणि हंगामापुरते स्वयंसेवक किंवा इंटर्न. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकून बाहेर पडलेल्यांचा शिरकाव बहुधा या शेवटच्या जागेवरच होतो.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या बेटांवर जे दुर्मीळ जीव तगून आहेत, ते तिथे उंदीर नाहीत म्हणून. कासवांची गस्त, रोपवाटिका, पाहुण्यांबरोबरच्या फेऱ्या हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण उंदीर आत आला तर वर्षानुवर्षांची मेहनत काही महिन्यांत वाया जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून तुमचं खरं काम म्हणजे बेटावर काय येतंय यावर पहारा ठेवणं.

फ्रेगेटचंच उदाहरण घ्या. सेशेल्स मॅगपाय-रॉबिन, क्रिओल या तिथल्या भाषेत पी सांतेझ, हा काळा-पांढरा पक्षी 1990 च्या सुमारास फक्त फ्रेगेटवर उरला होता, तोही जेमतेम वीसच्या आसपास. तो जमिनीवर उतरून किडे टिपतो आणि एका वेळी एकच अंडं घालतो. मांजर किंवा उंदीर असेल तिथे त्याला मोठा धोका असतो. 1994 मध्ये काही पक्षी कूझाँवर (हे कूझीनच्या शेजारचं वेगळं बेट) आणि 1995 मध्ये कूझीनवर नेले गेले. त्याच 1995 मध्ये फ्रेगेटवर तपकिरी उंदीर पोहोचले. त्यांचा नायनाट व्हायला 2000 साल उजाडलं. त्यासाठी हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकावं लागलं आणि ते रॉबिनच्या पोटात जाऊ नये म्हणून पक्षी पकडून पिंजऱ्यांत ठेवावे लागले. नॉर्थ आयलंडवर उंदीर संपवण्याचा 2003 चा पहिला प्रयत्न फसला, 2005 चा यशस्वी झाला, आणि त्यानंतरच 2007 मध्ये सेशेल्स व्हाइट-आय हा दुर्मीळ पक्षी तिथे आणता आला. मुलाखतीला बसताना हा क्रम डोक्यात असावा, कारण बेटावरचे सगळे नियम त्यातूनच आले आहेत.

आता रोजचं काम. माहे किंवा प्रालें या मोठ्या बेटांहून मालाची बोट येते. माल थेट स्वयंपाकघरात जात नाही, आधी उंदीर शिरू शकणार नाही अशा बंद खोलीत जातो. दार लावायचं, दाराखालची फट बघायची, चारही कोपऱ्यांतले सापळे लावलेले आहेत याची खात्री करायची आणि मगच पहिला क्रेट उघडायचा. आधी क्रेट उघडून मग दार लावणं ही नवख्यांची नेहमीची चूक. झाकणाचे प्लॅस्टिक क्रेट चालतात. पुठ्ठ्याची खोकी शक्यतो माहेवरच सोडायची, कारण त्यांच्या पन्हळीत झुरळं आणि मुंग्यांची अंडी बसतात. पालेभाजीचा गड्डा पान-पान सोडवून बघायचा, त्यात गोगलगायी असतात. केळीचे घड उलटे धरून झटकायचे. सगळ्यात जास्त धोका खाद्यपदार्थांत नसून बांधकामाच्या सामानात असतो: लाकूड, वाळू, छपरासाठीच्या झावळ्यांचे भारे. व्हिलांची दुरुस्ती निघाली की तपासणीचा ताण एकदम वाढतो आणि नेमकं तेव्हाच कंत्राटदाराला घाई असते. मातीसकट कुंडी तर येऊच द्यायची नाही.

बोटीवरही सापळे हवेत, आणि बाहेरची बोट रात्री जेट्टीला बांधून ठेवू नये. कूझाँ राखीव बेटावर पाहुण्यांना समुद्रातच बेटाच्या स्वतःच्या बोटीत घेतात. परकी बोट वाळूला लागूच देत नाहीत. आमच्या मते ही पद्धत सगळ्यात खात्रीची. पाहुण्यांचं सामानही उघडून बघावं लागतं. तुटकपणे बोललात तर ते दुखावतात. शांतपणे, कारण सांगून, त्यांनाच बॅग उघडायला सांगितलं तर बहुतेक जण उत्साहानं मदत करतात.

किनाऱ्यावर, जेट्टीजवळ, कोठारांभोवती आणि कचऱ्याच्या जागेपाशी शेंगदाण्याच्या लोण्याचा वास लावलेले मेणाचे ठोकळे आणि शाईच्या पट्टीचे बोगदे ठेवलेले असतात. उंदीर आला तर दातांचे किंवा पावलांचे ठसे उमटतात. इथे खेकडे फार त्रास देतात. जमिनीवरचे खेकडे आणि शंखातले खेकडे मेण कुरतडतात, आमिष ओढून नेतात, आणि नव्या माणसाला प्रत्येक ओरखडा उंदराचाच वाटतो. म्हणून आमिषाच्या पेट्या जमिनीपासून उंच बसवतात. उंदराच्या पुढच्या दातांची खूण शेजारी-शेजारी दोन समांतर खाचांची असते, खेकड्याच्या नांगीची वेडीवाकडी, चिमटा काढल्यासारखी. शंका आली तर ठोकळा पिशवीत घालून तारीख टाकायची आणि त्याच तासाला वरिष्ठांना दाखवायचा. उद्यावर टाकायचा नाही. काळ्या उंदराच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा, आणि पिल्लं तीन-चार महिन्यांत स्वतः वेतायला लागतात. एक गाभण मादी पुरेशी आहे.

कासवांचं काम त्या मानानं आनंदाचं, पण शिस्त तितकीच. जगात बहुतेक ठिकाणी हॉक्सबिल कासव रात्री अंडी घालतं. सेशेल्समध्ये मात्र भर दिवसा. मुख्य हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. विषुववृत्त जवळ असल्यानं उजाडण्याची वेळ वर्षभर फारशी बदलत नाही. सकाळी सहाच्या सुमारास पहिली फेरी आणि दुपारनंतर दुसरी, असा साधारण दिवस असतो. वाळूवरचा माग ओळखायला पहिल्याच आठवड्यात शिका. हॉक्सबिल डावा-उजवा पाय आलटून-पालटून टाकतं, त्यामुळे माग तिरपा-तिरपा आणि पाऊण मीटरच्या आसपास रुंद. ग्रीन टर्टल दोन्ही पुढचे पाय एकदम टाकतं. माग सरळ जोडीचा, मीटरभर रुंद, आणि खड्डा खोल.

कासव वर चढताना किंवा खणताना दिसलं तर मागे, खाली बसून थांबा. याच वेळी कुणी हललं तर मादी अंडी न घालताच परत फिरते. अंडी पडायला लागली की ती सहसा उठत नाही. मग मागच्या बाजूनं जवळ जाता येतं. अंडी मोजायची असतील तर ती पडतानाच मोजावी लागतात. एका खड्ड्यात दीडशेच्या वर अंडी सहज असतात. टॅग (क्रमांकाचे बिल्ले) लावणं आणि कवचाची मोजणी मादी खड्डा बुजवायला लागल्यावर. कवचाची लांबी मऊ फितीनं, मानेजवळच्या खाचेपासून शेपटीकडच्या टोकापर्यंत, वक्र पृष्ठभागावरून मोजतात; कवचावर शिंपले चिकटलेले असतील तर तशी नोंद करायची, कारण तेवढ्यानं मापात फरक पडतो. टॅग दोन्ही पुढच्या पायांच्या मागच्या कडेला असतात. दोन अशासाठी की एखादा गळून पडतोच. क्रमांक मोठ्यानं वाचायचा, जोडीदारानं लिहायचा आणि त्यानं तो परत वाचून दाखवायचा. 3 आणि 8 यांच्या घोटाळ्यातून एकाच कासवाची दोन कासवं होतात, आणि ती चूक पुढे दहा वर्षं नोंदवहीत जिवंत राहते.

घरट्याची जागा जीपीएसवर सोडून चालत नाही, त्यात काही मीटरची चूक असते. जवळच्या दोन झाडांवर क्रमांकाच्या पट्ट्या मारून दोन्हींपासूनचं अंतर फितीनं मोजा. पिल्लं साधारण दोन महिन्यांनी बाहेर पडतात, आणि तोवर वाऱ्यानं किनाऱ्याचा आकार बदललेला असतो.

घरटं भरतीच्या रेषेखाली असेल तरच हलवायचं. हलवायचं तर अंडी घातल्यापासून काही तासांच्या आत. त्यानंतर आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं फिरलं की मरतो. अंडी एकेक करून, वरची बाजू वरच ठेवत, वाळू घातलेल्या बादलीत ठेवायची. मूळ खड्ड्याची खोली मोजून नवा खड्डा तेवढाच खणायचा. उथळ खड्डा तापतो, आणि वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. 29 अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात. उत्साहाच्या भरात सुरक्षित घरटीही हलवणारे लोक असतात. ते करू नका.

पिल्लं निघून गेल्यावर काही दिवसांनी घरटं उकरून रिकामी टरफलं मोजतात. टरफलाचा अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तरच एक अंडं धरायचं, बारीक तुकडे सोडून द्यायचे. न उबलेली अंडी फोडून आत गर्भ किती वाढला होता ते लिहायचं. वास असह्य असतो. हातमोजे आणि जुने कपडे वापरा.

नोंदींबद्दल थोडं आग्रहानं सांगायचं आहे. फेरीत काही दिसलं नाही तरी फेरी नोंदवायची: सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, कोण होतं, कुठला किनारा. शून्य लिहिलंच नाही तर गस्त झाली नव्हती की कासवं आली नव्हती, हे नंतर कुणालाच कळत नाही. माणसं हंगामाहंगामाला बदलतात, आणि प्रत्येक नवा माणूस ‘घरटं’ आणि ‘अर्धवट खणलेला खड्डा’ यांची व्याख्या आपल्या मनानं बदलतो. जुनी व्याख्या पटली नाही तरी हंगामाच्या मध्यात ती बदलू नका. कागदावरची नोंद त्याच संध्याकाळी संगणकावर चढवा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही.

झाडांचं काम अंगमेहनतीचं. बहुतेक बेटांवर पूर्वी खोबऱ्यासाठी नारळाच्या बागा होत्या. त्या काढून टाकामाका, बदाम, बुआ मापू अशी तिथली झाडं परत आणायची असतात. सगळे माड एकदम तोडले तर ऊन थेट जमिनीवर पडतं आणि परक्या वेली माजतात, म्हणून पट्ट्या-पट्ट्यांनी तोडतात. खाली पडलेले नारळ गोळा केले नाहीत तर पुढची काही वर्षं कोंब येतच राहतात. रोपं पावसाच्या तोंडावर लावायची आणि भोवती अडसर करायचा, कारण अल्डाब्रा महाकासवं कोवळी रोपं आवडीनं खातात. पक्ष्यांत आपली साळुंकी तिथे उपरी आहे. ती स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाते, घरट्यांच्या जागा बळकावते, आणि काही बेटांवर ती पूर्ण काढून टाकण्याची मोहीम राबवावी लागली. प्राणी मारण्याचं काम मनाला पटणार नसेल तर तसं मुलाखतीतच सांगा. तिथे पोहोचल्यावर सांगणं सगळ्यांनाच जड जातं.

पाहुण्यांशी वागणं हा कामाचा अर्धा भाग आहे. वाळूवर जेवणाचं टेबल आणि झगमगते दिवे हवेत अशी मागणी येते. पांढऱ्या-निळ्या उजेडानं कासवाची पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे वळतात आणि शीअरवॉटरसारखे समुद्रपक्षी दिपून जमिनीवर आदळतात. नुसतं ‘नाही’ म्हणू नका. अंबर रंगाचे, खाली झुकलेले, झाकलेले दिवे आणि घरटी नसलेली जागा असा पर्याय तयार ठेवा. हे व्यवस्थापनाशी हंगामाआधीच ठरवलेलं असावं, ऐन संध्याकाळी नव्हे. माळी, बोटवाले, खोल्या साफ करणाऱ्या बायका आणि रात्रीचे सुरक्षारक्षक यांच्याशी ओळख वाढवा, थोडी क्रिओल शिका. उंदराची लेंडी किंवा भरकटलेलं पिल्लू सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं.

कागदपत्रांचं पाहू. सेशेल्समध्ये काम करायला गेनफुल ऑक्युपेशन परमिट लागतं आणि त्यासाठी अर्ज नोकरी देणाऱ्यानं करायचा असतो. पर्यटक म्हणून उतरून काम सुरू करणं बेकायदा आहे. स्थानिक उमेदवाराला आधी संधी देण्याचं धोरण असल्यानं नुसती पदवी पुरत नाही. पक्ष्यांना कड्या घालण्याचा सराव, क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर), आर (आकडेवारीसाठीची संगणकभाषा), बोट चालवणं, प्रथमोपचार यातलं काहीतरी ठोस हातात असावं. पोहता येणं गृहीतच धरतात. ऑक्टोबरच्या हंगामासाठी एप्रिल-मेपासून पत्रव्यवहार सुरू करा.

होकार देण्याआधी लेखी विचारा: राहणं-जेवण कोणाचं, माहेपर्यंतचा आणि तिथून बेटापर्यंतचा प्रवासखर्च कोणाचा, आठवड्याला सुटी किती, विमा आहे का, दिवसातले किती तास पाहुण्यांसाठी, आणि गोळा केलेली माहिती प्रबंधासाठी वापरता येईल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोघम आलं तर पुन्हा विचारा. काही ठिकाणी स्वयंसेवकाकडूनच पैसे घेतात. ते परवडत असेल तरी त्या बदल्यात प्रशिक्षण काय मिळणार, हे कागदावर घ्या.

मे ते सप्टेंबर आग्नेयेचे वारे जोरात असतात. समुद्र खवळतो, कूझीन आणि आरीदसारख्या बेटांवर उतरणं अवघड होतं, बोटी रद्द होतात. नेहमीची औषधं, चष्म्याची दुसरी जोडी, पाणी न शिरणारी पिशवी हे सगळं बरोबर न्या आणि परतीचं विमान बोटीच्या दुसऱ्या दिवसाचं ठेवा, त्याच दिवसाचं नको. बूट आणि बॅगांचे कप्पे निघण्याआधी ब्रशनं घासून साफ करा. बेटावरची पहिली तपासणी तुमच्याच सामानाची होणार आहे.

परतताना पुढच्या माणसासाठी तीन याद्या करून ठेवा: अजून न उबलेल्या घरट्यांची, अपेक्षित तारखांसकट, शिल्लक टॅगच्या क्रमांकांची, आणि खराब झालेल्या सापळ्यांची, ते नेमके कुठे आहेत त्या खुणांसह. या याद्या तोंडी सांगून जाऊ नका. बोटीवर चढण्याआधी नवा माणूस बरोबर घेऊन एक फेरी मारा आणि प्रत्येक पेटी त्याला उघडायला लावा.