ओपॅकवर पुस्तक शोधताना: एसटी पकडण्याआधी

गुहागरहून चिपळूणला किंवा देवगडहून कणकवलीला एका पुस्तकासाठी जायचं म्हणजे अर्धा दिवस एसटीत. ग्रंथालयाची तालिका इंटरनेटवर असेल, तर पुस्तक आहे का आणि ते कपाटात आहे की कुणी नेलंय, हे घरबसल्या कळतं. या तालिकेला ओपॅक म्हणतात. ग्रंथालयाची संगणक प्रणाली कोहा असो, सोल असो वा ई-ग्रंथालय, स्क्रीन थोडी वेगळी दिसते, पण शोधायची रीत साधारण तीच.

शोधाच्या चौकटीशेजारच्या यादीत शीर्षक, लेखक, विषय, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असे पर्याय असतात. पहिला शोध सगळ्या रकान्यांत घ्या आणि एक-दोनच शब्द टाका. मुखपृष्ठावरचं अख्खं नाव टाइप करू नका. संगणक अर्थ बघत नाही, अक्षरं जुळवतो. नोंद करणाऱ्याकडून एक वेलांटी चुकली असली तरी उत्तर शून्य येतं, आणि पुस्तक मात्र कपाटात असतं.

खरी गोम मराठीच्या विभक्तीत आहे. 'कोकण' शोधलं तर 'कोकणातील' किंवा 'कोकणची' असलेली शीर्षकं बऱ्याचदा सुटतात. म्हणून शब्दाच्या शेवटी तारांकन लावा, म्हणजे पुढे काहीही जोडलेलं असलं तरी शब्द सापडतो: कोकण*. अनेकवचनात किंवा सामान्यरूपात शब्द बदलतो, तिथे शेवटचं स्वरचिन्ह काढून मगच तारा लावायचा. 'होडी*' टाकलं तर 'होड्या' सापडणार नाहीत, 'होड*' टाकलं तर दोन्ही येतील. काही शब्द तरीही दाद देत नाहीत. 'मास*' टाकलं की मासिकांचा ढीग येतो, आणि 'माशांच्या' सुटतंच. अशा वेळी मासे, माशां* आणि मत्स्य* असे तीन वेगळे शोध घ्या.

जुनी पुस्तकं शोधताना अनुस्वाराचं भान ठेवा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'गांव', 'नांव' सर्रास दिसतं, 'कोंकण'ही. नोंद पुस्तकाच्या आतल्या शीर्षकपानाबरहुकूम झालेली असते, त्यामुळे कोकण आणि कोंकण दोन्ही टाकून पाहा. 'किनाऱ्यावर'मधला ऱ्य तर आणखी छळतो. तो संगणकात दोन प्रकारे टाइप होतो, डोळ्यांना सारखाच दिसतो, पण अक्षरं जुळत नाहीत. त्यावर उपाय 'किना*'. 'ॲ'चंही तसंच, तो शब्द सोडून शीर्षकातला दुसरा शब्द घ्या.

देवनागरीत काहीच येत नसेल तर रोमन लिपीत शोधा. मराठी पुस्तकांच्याही नोंदी काही ठिकाणी इंग्रजी अक्षरांत आहेत, आणि त्यात स्पेलिंगचा एक नियम नाही. देवनागरीत कुठलाही साधा शब्द टाकला, उदाहरणार्थ 'कविता', तरी शून्य येत असेल, तर जुन्या नोंदी युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नाहीत असं समजायला हरकत नाही.

लेखक शोधताना आधी फक्त आडनाव टाका, कारण नोंदीत 'आडनाव, नाव' असा क्रम असतो. आद्याक्षरं आणि त्यांमधले टिंब टाळा. टोपणनावं वेगळी तपासावी लागतात. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत, पण कविता 'आरती प्रभू' या नावावर. नोंदी एकमेकींना जोडलेल्या नसतील तर एका नावाखाली निम्मंच साहित्य दिसेल.

स्थानिक इतिहास शोधणाऱ्यांसाठी थोडं जास्त. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला आणि त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याबद्दलचं त्याआधीचं साहित्य 'रत्नागिरी' किंवा 'सावंतवाडी'खाली असेल, अलिबागचं 'कुलाबा'खाली. १८८०च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (जिल्ह्यांच्या सरकारी माहितीग्रंथाचा) दहावा खंड रत्नागिरी व सावंतवाडीचा आहे. त्यात सावंतवाडीचं इंग्रजी स्पेलिंग डब्ल्यूने नव्हे, व्हीने केलंय. या पुस्तकांसाठी आयएसबीएनच्या वाटेला जाऊ नका. त्या काळच्या अशा पुस्तकांवर तो सहसा नसतो. नव्या पुस्तकाला मात्र तो सगळ्यात खात्रीचा: १३ आकडे, मधल्या रेघांशिवाय.

निकाल शेकड्याने आले तर बाजूच्या गाळण्या वापरा: आधी भाषा, मग साहित्यप्रकार, मग वर्ष. सलग शब्द हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत टाका. फोनवर वळणदार चिन्हं उमटतात, ती काही प्रणालींना चालत नाहीत. साधी सरळ चिन्हं निवडा.

पुस्तक सापडलं की नोंद उघडून खालपर्यंत जा. 'उपलब्ध' आहे का, बाहेर असेल तर परतीची तारीख कोणती, आणि 'संदर्भ' शिक्का आहे का, हे पाहा. संदर्भाचं पुस्तक घरी मिळत नाही. तिथेच बसून वाचावं लागतं. शाखा अनेक असतील तर पुस्तक कुठल्या शाखेत आहे हेही. बोधांक, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, पूर्ण लिहून घ्या. ड्युई पद्धतीत, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याच्या पद्धतीत, मराठी कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, नुसतं '८९१' घेऊन गेलात तर अख्खी भिंत चाळाल. त्याखालची अक्षरं सहसा लेखकाच्या नावाची असतात, तीही घ्या. बोधांकासोबत दाखलांक, म्हणजे प्रत्येक प्रतीचा ग्रंथालयातला स्वतंत्र क्रमांक, तोही टिपा, कारण एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर ओळखायला तोच उपयोगी. पावसाळ्यात रेंज आणि वीज दोन्ही भरवशाची नाहीत, तेव्हा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

'उपलब्ध' म्हणजे कपाटात हमखास, असं मात्र नाही. पुस्तक वाचनकक्षाच्या टेबलावर असू शकतं, चुकीच्या फळीत असू शकतं, किंवा ओल-वाळवीने कधीच गेलेलं असून नोंद तेवढी उरलेली असते. निघण्याआधी देव-घेव विभागाला फोन करून दाखलांक सांगा आणि पुस्तक बाजूला काढून ठेवायला सांगा. साप्ताहिक सुट्टी कधी आणि दुपारची बंदची वेळ कोणती, हे त्याच फोनवर विचारून घ्या.