सिएरात बिअर न्यायची तर आधी डबा भरून बघा

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत, योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात दोन-तीन रात्रींचा बॅकपॅकिंगचा बेत आहे आणि संध्याकाळी तळ्याकाठी आवडीची बिअर हवी आहे, त्यांच्यासाठी ही यादी. पर्मिट, तंबू, फिल्टर, टॉर्च यांवर इथे शाई खर्च करत नाही. ते ज्याला सांगावं लागतं त्याने बिअरचं पुढच्या वर्षी बघावं. वय २१ पूर्ण, हेही गृहीत. आणि आपल्याकडच्या गडांवर हा विषयच नको. सिएरातल्या रानात बिअर प्यायला बंदी नाही, खाणंपिणं रात्री उघड्यावर ठेवायला आहे.

गोम तिथेच आहे. योसेमिटीच्या रानात मुक्कामाला बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा टणक डबा, सक्तीचा. त्यात फक्त जेवण जातं असं बरेच जण धरून चालतात. त्यात वास येणारं सगळं जातं: टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, दिवसभराचा कचरा आणि बिअरचे कॅन. सीलबंद कॅनसुद्धा. ‘सील आहे, वास कुठून येणार’ हा युक्तिवाद तिथल्या काळ्या अस्वलांना मान्य नाही; त्यांना कॅन नुसता दिसला तरी कळतो. त्यामुळे सहाचा पॅक घेऊन मग डब्याकडे वळू नका. आधी डबा.

बेअरव्हॉल्टचा मोठा डबा, बीव्ही ५००, साडेअकरा लिटरचा, रिकामाच १.१६ किलो. धाकटा बीव्ही ४५० सव्वासात लिटरचा. एका माणसाचं दिवसाचं खाणं नीट दाबून भरलं तर दीड ते दोन लिटर जागा घेतं. ३५५ मिलीचा कॅन ६६ मिलिमीटर रुंद आणि १२२ उंच असतो. गोल वस्तूंमधली वाया जाणारी जागा धरली तर कॅनमागे अर्धा लिटर गेला. चार कॅन म्हणजे एका दिवसाचं जेवण. तीन रात्री आणि धाकटा डबा असेल तर बिअर विसरा. दोन रात्री आणि धाकटा डबा असेल तर दोन कॅन, तेही जेवण आटोपशीर असेल तर. मोठ्या डब्यात तीन रात्रींना माणशी तीन कॅन आरामात बसतात.

हा हिशोब डोक्यात करू नका. निघायच्या आदल्या रात्री घरी जमिनीवर सगळं मांडा, खरोखर भरा आणि झाकण लावून बघा. ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, परतीची वाट दोन तास मागे राहिल्यावर झाकण लागत नाही हे कळलं, तर एकच उपाय उरतो: पार्किंगमध्ये उभं राहून कोमट बिअर पिणं किंवा वाटून टाकणं. भरताना कॅन तळाशी उभे ठेवा, मधल्या फटींत सूपची पाकिटं आणि सुकामेवा कोंबा. पहिल्या दिवसाचं दुपारचं आणि रात्रीचं जेवण डब्याबाहेर ठेवलं तर चालतं, कारण झोपण्याआधी ते पोटात जातं. पहिल्या संध्याकाळच्या कॅनलाही हेच लागू. फक्त रिकाम्या कॅनला आणि रिकाम्या पाकिटांना त्या रात्री डब्यात जागा लागते, ती मोकळी ठेवा.

चकण्याचं काय, हे विचारणारच. चिवडा नको, चिवड्यात निम्मी हवा असते आणि ती हवा डब्यात बिअरच्या जागेवर बसते. भडंगही त्याच कारणासाठी घरी. खारे शेंगदाणे, काजू, भाजलेली चणाडाळ न्या. शेव हवीच असेल तर हाताने चुरून झिपलॉकमध्ये, हवा काढून.

आता बिअर. कॅनच, बाटली नाही. भरलेल्या बाटलीत जवळपास दोनशे ग्रॅम नुसती काच असते, फुटली तर तळ्याकाठच्या वाळूत वर्षानुवर्षं राहते आणि रिकामी झाल्यावरही तेवढीच जागा अडवते. कॅन भरलेला साधारण ३७० ग्रॅम, रिकामा १३-१४ ग्रॅम, आणि पायाखाली चपटा होतो. अमेरिकेत चांगली बिअर फक्त बाटलीत मिळते ही समजूत जुनी झाली. कोलोरॅडोच्या ऑस्कर ब्लूज ब्रुअरीने आपली डेल्स पेल एल ही बिअर २००२ मध्येच कॅनमध्ये भरली. सिएरा नेवाडा ब्रुअरीची पेल एल, ५.६ टक्के अल्कोहोलची, कॅलिफोर्नियातल्या चिको गावची, कॅनमध्ये सहज मिळते आणि डोंगराचं नाव घेऊन डोंगरात जाते, हा बोनस. १६ औंसांचे उंच कॅन टाळा: अर्ध्या किलोच्या आसपास वजन, डब्यात बेढब, आणि एकदा उघडला की झाकण नाही. दोघांत एकच न्यायचा असेल तरच तो कामाचा.

कोमट प्यायला लागली तर कोणती चालेल, हेही बघा. पातळ लागर कोमट झाली की काही राहत नाही. स्टाउट किंवा पोर्टर, म्हणजे काळी दाट बिअर, १२-१३ अंशांना उलट जास्त खुलते, शिवाय आठ-नऊ टक्क्यांची असेल तर एकच पुरते, म्हणजे वजनही वाचतं. ताजी हॉपवाली आयपीए उन्हात तापलेल्या गाडीत दिवसभर पडली तर तिचा सुगंधच उतरतो. ती न्यायचीच तर गाडीत आइसबॉक्समध्ये ठेवा.

कॅन उंचीवर फुटतात ही भीती सोडा. ३००० मीटरवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के होतो, म्हणजे फरक ०.३ बारचा, कॅन त्याच्या कित्येक पट सोसतो. फुटतो तो तापलेल्या गाडीत किंवा गोठल्यावर. पाच टक्क्यांची बिअर उणे दोन-तीन अंशांना गोठायला लागते. पण खरा त्रास वेगळा. कॅनची भिंत जेमतेम ०.१ मिलिमीटरची. दोन कॅन एकमेकांवर, मध्ये वाळूचा एखादा कण, आणि पाच-सहा तासांचं चालणं: बाजूला सुईएवढं छिद्र पडतं आणि बिअर फवाऱ्यासारखी न येता थेंबाथेंबाने झिरपते. कळतं ते संध्याकाळी, जेव्हा डबा चिकट आणि ओट्स भिजलेले असतात. प्रत्येक कॅनला एक मोजा चढवा. तोच मोजा पुढे थंड करायलाही लागतो. डब्याबाहेर असलेला पहिल्या दिवसाचा कॅन झिपलॉकमध्ये, स्लीपिंग बॅगपासून लांब. बिअरचा वास लागलेली स्लीपिंग बॅग डब्यात मावत नाही.

डबा सॅकमध्ये मधोमध, पाठीला चिकटून, आडवा नाही.

ट्रेलहेडवर आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: गाडीतली बिअर. परत आल्यावर प्यायला म्हणून आइसबॉक्समध्ये ठेवलेले कॅन रात्री गाडीत ठेवता येत नाहीत. योसेमिटीत हे नियमात आहे. आइसबॉक्स रिकामा असला तरी गाडीत राहत नाही. अस्वलं दाराची चौकट वाकवून आत शिरतात, तेही नुसता आइसबॉक्स दिसला म्हणून. ट्रेलहेडवर लोखंडी फूड लॉकर असतात, सगळं त्यात. गाडीच्या सीटखालचे रिकामे कॅनही बघा. मुलांच्या कारसीटमधले बिस्किटांचे तुकडेसुद्धा.

वर पोचल्यावर थंड करणं. वितळलेल्या बर्फाचा ओढा असेल तर वाहत्या पाण्यात वीस मिनिटं पुरतात. साचलेल्या पाण्यात दुप्पट. कॅन जाळीच्या पिशवीत, पिशवी दोरीने दगडाला पक्की; नुसते दगड रचून अडवलेला कॅन प्रवाह घेऊन जातो. ओढा लांब असेल तर मोजा भिजवून कॅनला चढवा आणि सावलीत, वाऱ्यात टांगा. सिएराची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात चांगला फरक पडतो. उघडण्याआधी पाच मिनिटं हलवू नका, नाहीतर निम्मी फेसात जाईल. आणि उघडण्याआधी कॅनचं तोंड फिल्टर केलेल्या पाण्याने धुवा. ओढ्याचं पाणी फिल्टर करून प्यायचं आणि त्याच ओढ्यातून काढलेल्या कॅनला तोंड लावायचं, हा जिआर्डियाला, म्हणजे पाण्यातून येऊन पोट बिघडवणाऱ्या परजीवीला, दिलेला उघड निरोप आहे.

‘उद्याचा कॅन ओढ्यातच राहू दे, रात्रभर मस्त थंड होईल.’ नाही. अंधार पडण्याआधी ओढ्यातले सगळे कॅन मोजून बाहेर आणि डब्यात. मोजून म्हणजे मोजून, कारण दुसऱ्याच्या कॅनची जबाबदारी कुणीच घेत नाही. तंबूत एकही नाही, उशाशी एकही नाही, बुटात लपवलेला तर नाहीच.

किती प्यायची? योसेमिटीतलं टुओलमी मेडोज हे पठार २६०० मीटरवर आहे, बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून, सकाळी निघून संध्याकाळी तिथून वर चढलेल्या माणसाची पहिली रात्र तशीही डोकेदुखीची असते. उंचीची डोकेदुखी आणि बिअरची डोकेदुखी वेगळी ओळखता येत नाही, त्यामुळे कोणती आहे हे न कळणं धोक्याचं. पहिल्या रात्री दोघांत एक. आधी अर्धा लिटर पाणी. अंग गरम वाटतं म्हणून जॅकेट काढू नका. त्वचेकडे रक्त जास्त गेल्याने उब वाटते, शरीर मात्र थंड पडत असतं. स्टोव्ह पेटवून जेवण करून मग कॅन, उलट नाही. उरलेली बिअर ओढ्यात किंवा तंबूजवळ ओतू नका. उरणारच असेल तर दुसऱ्याला द्या.

रिकामा कॅन थेंब झटकून, चपटा करून, झिपलॉकमध्ये, झिपलॉक डब्यात. रिकामाही डब्यात, हो. शेकोटीत टाकू नका, अॅल्युमिनियम जळून जात नाही, तुकडे उरतात.

परतताना: कॅन मोजा. रिकामे डिकीत, पुढे नाही. कॅलिफोर्नियात गाडीत उघडा कॅन सापडला तर गुन्हा. लॉकरमधली बिअर घरी गेल्यावर. ज्यांचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा आहे त्यांनी तर गाडीआधी थेंबही नको, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर व्हिसा रद्द होऊ शकतो. लॉकर पूर्ण रिकामा झाला का बघा. कॅनमागे ५ सेंट परत मिळतात. भाड्याचा डबा धुवून द्या, तळाशी बिअर सुकलेली असते.