आयएनजी दिसलं म्हणजे जेरंड नाही: मराठीतून ओळखायची सोपी युक्ती

माझी मामेबहीण बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय, नाशिकला रूम घेऊन राहते आणि सुट्टी मिळाली की पिंपळगावला घरी पळते. गेल्या डिसेंबरात मीही गेलो होतो, मामाच्या बागेत डिपिंग चालू होतं आणि ही बांधावर वही घेऊन रडकुंडीला आलेली. क्लासमध्ये सांगितलेलं की इंग्रजी क्रियापदाला आयएनजी लागलं की जेरंड. मग ‘ही इज रनिंग’ मधलं रनिंग जेरंड का? तर नाही, ते वेगळं. वेगळं म्हणजे काय ते बहुतेक रिझल्टनंतर सांगणार असतील.

तेवढ्यात मामा ओरडले, डिपिंग आज उरकलंच पाहिजे. मी तिला विचारलं, डिपिंग म्हणजे काय गं? ती म्हणाली द्राक्षांचे घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, पाण्यात बुडवणं. बुडवणं! हाच जेरंड. क्रियापदाचं नाम झालंय, कामाचं नाव झालंय.

तर युक्ती एवढीच, की आयएनजीवाला शब्द दिसला की वाक्य मराठीत म्हणून बघायचं आणि शेपूट कुठलं लागतंय ते बघायचं. ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’, पोहणं चांगला व्यायाम आहे, ‘णं’ आलं, जेरंड. ‘ही इज स्विमिंग’, तो पोहतोय, इथे ‘णं’ बसवून दाखवा बरं. नाही बसत, म्हणजे ते पार्टिसिपल, कोणीतरी ते काम करत असल्याचं सांगणारं रूप. आपल्या व्याकरणात या ‘णं’वाल्याला धातुसाधित नाम म्हणतात, शाळेत पाठ केलेलं असतं, फक्त इंग्रजीच्या तासाला कोणी आठवण करून देत नाही.

आणि हा गोंधळ मुळात इंग्रजीचाच आहे हां, आपला नाही. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे प्रत्यय होते, कामाच्या नावाला ‘उंग’ किंवा ‘इंग’ आणि ‘करणारा, करत असलेला’ या अर्थाला ‘एंडे’. मध्ययुगात दोन्ही घासून घासून एकच ‘इंग’ झाले. मराठीत मात्र ‘णं’ वेगळं, ‘त’ वेगळं, ‘णारा’ वेगळा. म्हणून मी म्हणतो की आपल्याला हे इंग्रजांपेक्षा स्पष्ट दिसायला पाहिजे.

आता जरा ट्रिकी भाग, नामाच्या आधी आयएनजी आलं तर. नाशिकरोड स्टेशनवर वेटिंग रूम असते. रूम काय वाट बघत बसलेली नसते, ती वाट बघायची खोली. ‘यची, यचा, यचं’ लागलं की तो जेरंड: ड्रिंकिंग वॉटर म्हणजे प्यायचं पाणी, स्लीपिंग बॅग म्हणजे झोपायची पिशवी, वॉकिंग स्टिक म्हणजे चालायची काठी. पण रनिंग वॉटर म्हणजे वाहतं पाणी, पावसाळ्यात रामकुंडावर जाऊन बघा, तिथे पाणी स्वतःच धावतंय, म्हणून ते पार्टिसिपल. स्लीपिंग बेबीमधलं बाळही खरंच झोपलेलं असतं. ते नाम स्वतः ते काम करतंय का, एवढंच विचारायचं.

मामाच्या बागेतली खरी गंमत पुढे आहे. बागायतदार ‘वेलींची छाटणी’ म्हणतात, आणि ‘वेली छाटणं’ असंही म्हणता येतं. अर्थ जवळपास तोच, पण ‘छाटणी’ला ‘ची’ लागतो आणि ‘छाटणं’ थेट ‘वेली’ घेतं, क्रियापद घेतं तसंच. इंग्रजीत डिट्टो हेच. ‘प्रूनिंग वाइन्स’ (प्रूनिंग म्हणजे छाटणं, वाइन्स म्हणजे वेली) यात प्रूनिंग अजून अर्धं क्रियापद आहे, कर्म थेट घेतं, आणि सोबत ‘केअरफुली’ लागतं. ‘द प्रूनिंग ऑफ वाइन्स’ म्हटलं की आधी ‘द’ आला, नंतर ‘ऑफ’ आला, आता ते पक्कं नाम, म्हणून ‘केअरफुल’ लागणार, ‘द केअरफुल प्रूनिंग ऑफ वाइन्स’. मराठीतही बघा, ‘वेली नीट छाटणं’ पण ‘वेलींची चांगली छाटणी’. आणि छाटणीचं अनेकवचन होतं, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची मिळून वर्षाला दोन छाटण्या, पण ‘दोन छाटणं’ कोणी म्हणत नाही. ‘द प्रूनिंग वाइन्स’ असं अर्धवट लिहिलं की एरर स्पॉटिंगमध्ये, म्हणजे चूक शोधायच्या प्रश्नात, मार्क गेलाच म्हणून समजा.

दोन छोट्या गोष्टी. ‘ईटिंग ग्रेप्स’ नंतर ‘इज’ येतं, ‘आर’ नाही, कारण द्राक्षं कितीही असू देत, खाणं एकच. आणि ‘माय कमिंग लेट’ मधला ‘माय’ बघून दचकू नका, आपणही ‘माझं उशिरा येणं’च म्हणतो. बोलताना लोक ‘मी कमिंग लेट’ (हा इंग्रजीतला ‘मी’, म्हणजे ‘मला’) म्हणतात, चालतं, पण परीक्षेत ‘माय’च लिहा.

आता युक्ती कुठे फसते ते पण सांगतो. ‘यला’ आलं की मराठी काही मदत करत नाही. ‘मला पोहायला आवडतं’ याचं ‘आय लाइक स्विमिंग’ पण होतं, ‘आय लाइक टू स्विम’ पण होतं. जाणं टाळलं, ‘अव्हॉइडेड गोइंग’, जायचं ठरवलं, ‘डिसाइडेड टू गो’, इथपर्यंत छान जुळतं आणि मग ‘सजेस्ट’ येऊन सगळं बिघडवतं, कारण आपण म्हणतो जायचं सुचवलं आणि इंग्रजी म्हणते ‘सजेस्टेड गोइंग’. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट यांच्यानंतर आयएनजी, आणि वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज यांच्यानंतर टू, हे पाठच करायचं, इलाज नाही.

‘स्टॉप’ला मात्र मराठी परत कामाला येते. ‘वी स्टॉप्ड ईटिंग मिसळ’ म्हणजे आम्ही मिसळ खाणं बंद केलं (नाशकात राहून हे कोण करेल ते सोडा), आणि ‘वी स्टॉप्ड टू ईट मिसळ’ म्हणजे मिसळ खायला थांबलो. ‘रिमेंबर’चंही तसंच, ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय, आणि ‘रिमेंबर टू लॉक’ म्हणजे लावायला विसरू नको.

बाकी इन, ऑफ, फॉर, विदाउट असं कुठलंही प्रिपोझिशन आलं की पुढच्या क्रियापदाला आयएनजीच, ‘विदाउट आस्किंग’, ‘गुड ॲट कुकिंग’. घोळ फक्त ‘टू’चा, कारण टू दोन आहेत. टूच्या पुढे ‘इट’ (म्हणजे ‘ते’, खाण्याचं ईट नाही) ठेवून बघायचं. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ बसतं, म्हणून ‘यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’, म्हणजे लवकर उठायची सवय आहे. ‘आय वॉन्ट टू इट’ नाही बसत, म्हणून ‘वॉन्ट टू वेक अप’. ‘लुक फॉरवर्ड टू इट’ बसतं, म्हणून ‘हिअरिंग’.

हे शेवटचं मी बांधावर बसून तिला फार ऐटीत समजावलं. मग तिने माझ्याच मोबाइलवर मी नोकरीसाठी पाठवलेले मेल उघडले, तीन कंपन्या, तिन्हींच्या खाली कॉपी-पेस्ट, ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’.