गोव्यात सीझन संपला की उत्तर इंग्लंडात कॅम्परव्हॅन: प्लॅन कसा करायचा

मे संपला की आपल्याकडे शॅक उतरतात, होमस्टेच्या खोल्या रिकाम्या पडतात, टॅक्सीला भाडं नसतं, आणि नेमका तोच काळ उत्तर इंग्लंडात कॅम्परव्हॅनने, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीने, फिरायला सगळ्यात बरा. त्यामुळे सीझनवर पोट असलेल्या गोंयकाराने जून किंवा जुलैचा पहिला अर्धा धरावा. जुलैच्या शेवटी तिकडच्या शाळांना सुट्टी पडते ती थेट सप्टेंबरपर्यंत, मग कॅम्पसाइट फुल आणि व्हॅनचं भाडं वर, आणि तसंही नंतर चवथ येते, तेव्हा घरचे तुम्हाला कुठे सोडणार आहेत! जूनमध्ये लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे तिकडच्या डोंगर-तळ्यांच्या भागात, रात्री पावणेदहापर्यंत सूर्य असतो, संध्याकाळी उशिरा पोचलं तरी व्हॅन उजेडात लावता येते. पाऊस मात्र चुकणार नाही. तिथल्याच बॉरोडेल खोऱ्यातलं सीथवेट हे इंग्लंडातलं सगळ्यात पावसाळी वस्तीचं ठिकाण, वर्षाला ३००० मिमीच्या वर, म्हणजे जवळपास आपल्याएवढाच, फक्त आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि त्यांचा बाराही महिने पिरपिरत असतो. छत्री नको, चांगला रेनकोट घ्या, डोंगरावर वाऱ्यात छत्री उलटीच होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा लागतो, तो तिकीट काढायच्या आधी. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना व्हिसा नको, पण २ एप्रिल २०२५ पासून ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढावी लागते, आणि हे ठाऊक नसलेले लोक अजून भेटतात. लायसन्स आपलं भारतीय चालतं, पाहुणा म्हणून गेलात तर १२ महिने, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा कारण काही व्हॅनवाले मागतात. आणि 'स्विंडनचा आमचा भाऊ चालवेल की' असा प्लॅन असेल तर आधी भावाला विचारा त्याच्याकडे तिकडचं लायसन्स आहे का, कारण तिकडे राहायला गेलेल्याला भारतीय लायसन्सवर पहिलं एक वर्षच चालवता येतं, पुढे तिकडची टेस्ट देऊन पास व्हावं लागतं. बुक करायच्या आधी ड्रायव्हरच्या वयाची अटपण बघा, बऱ्याच ठिकाणी २५ च्या खाली व्हॅन देत नाहीत.

आता खरी गोष्ट. बहुतेक लोक आधी बघायच्या जागांची यादी करतात आणि मग रात्री कुठे थांबायचं ते शोधतात, व्हॅनच्या ट्रिपला हे उलटं करायचं. आधी रात्री ठरवा, नकाशावर रात्रीचे ठिपके मारा, मग दोन ठिपक्यांच्या मधे काय येतं ते बघा. कारण इंग्लंडात वाटेल तिथे व्हॅन लावून झोपायचा हक्क नाही, प्रत्येक जमिनीला मालक आहे आणि त्याची परवानगी लागते. स्कॉटलंडमध्ये मोकळीक आहे असं जे ऐकता ती तंबूवाल्यांना, मोटारीला नाही. नॅशनल पार्कच्या कार पार्कात 'नो ओव्हरनाइट' असं स्वच्छ लिहिलेलं असतं.

मग पर्याय काय, तर मोठ्या कॅम्पिंग क्लबांच्या साइट, ज्या स्वच्छ असतात पण जूनमध्येसुद्धा शनिवार-रविवारी भरतात. दुसरं म्हणजे शेतकऱ्यांच्या छोट्या साइट, क्लबच्या परवान्यावर चालणाऱ्या, एका वेळी फक्त पाचच व्हॅन, एक नळ, एक टॉयलेट ओतायची जागा आणि भोवती मेंढरं. माझं मत विचाराल तर ह्याच खऱ्या, फक्त त्यांना मेंबरशिप लागते. तिसरं, काही पब रात्री पार्किंगमध्ये थांबू देतात, पण आधी फोन करून विचारायचं आणि रात्रीचं जेवण तिथेच घ्यायचं. यॉर्कशायर डेल्समधलं टॅन हिल इन हे ब्रिटनमधलं सगळ्यात उंचावरचं पब, ५२८ मीटरवर, तिथे व्हॅनवाले नेहमी असतात. पहिल्या दोन-तीन आणि शेवटच्या रात्री पक्क्या बुक करा, मधल्या काही मोकळ्या ठेवल्या तरी चालेल, पण शुक्रवार-शनिवार मोकळे नको.

व्हॅन किती मोठी घ्यायची यावर अर्धी ट्रिप ठरते. दोघं किंवा एक लहान मूल असेल तर पॉप-टॉप घ्या, म्हणजे वरचं छप्पर उघडून झोपायचं, बंद केल्यावर उंची साधारण २ मीटर राहते. हे महत्त्वाचं का, तर शहरांतल्या आणि सुपरमार्केटच्या बऱ्याच पार्किंगला गेटवर लोखंडी आडवा बार असतो, २ किंवा २.१ मीटरवर, आणि उंच व्हॅन त्याखालून जात नाही. चौघं असाल तर मोठी मोटरहोम लागेल, मग अरुंद रस्ते विसरा. झोपायच्या जागा आणि सीटबेल्टच्या जागा वेगळ्या असतात, चौघं झोपतील असं लिहिलंय म्हणून चौघं बसतील असं नाही, दोन्ही आकडे विचारा. बेसिक इन्शुरन्समध्ये अपघात झाला तर पहिले हजार-दीड हजार पौंड तुमच्या अंगावर येऊ शकतात आणि छप्पर, टायर, काच बहुतेकदा त्यात नसतात, त्यामुळे एक्सेस कव्हर, म्हणजे हा तुमच्या अंगावरचा खर्च भरून देणारा विमा, वेगळं घ्या.

रूट असा बसवता येतो. विमान मँचेस्टरला उतरवा, लंडनला उतरून वर चढण्यात एक दिवस फुकट. तिथून लेक डिस्ट्रिक्ट, मग हेड्रियन्स वॉल, नॉर्थंबरलंडचा किनारा, डरहॅम, व्हिटबी, यॉर्क, डेल्स आणि परत मँचेस्टर. सगळं मिळून साडेपाचशे मैलांच्या आसपास, म्हणजे नऊशे किलोमीटर. ऐकायला काहीच नाही, पण बारा-चौदा दिवस ठेवा. एका जागी दोन रात्री, असं केलं तर रोज सकाळी सगळं आवरून बांधायचा ताप वाचतो.

लेक्समध्ये केझिकला थांबा, विंडरमियरला गर्दी फार. वॉल इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली रोमन भिंत, हाउसस्टेड्सचा किल्ला बघा, पण दोन टेकड्यांच्या मधलं ते प्रसिद्ध एकटं झाड आता नाही, सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी रात्री कापून टाकलं. नॉर्थंबरलंडच्या किनाऱ्यावरच्या होली आयलंडला जाताना भरतीचं टेबल आधी बघायचं म्हणजे बघायचंच, रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दरवर्षी कोणाची ना कोणाची गाडी त्यात अडकते. दिवाडीच्या फेरीबोटीसारखं 'ही चुकली तर पुढची' असं इथे नाही. बेटावर व्हॅनमध्ये रात्र काढायलाही बंदी आहे. डेल्समध्ये रिबलहेडचा २४ कमानींचा रेल्वे पूल आणि हॉजचं चीज, दोन्ही एका दिवसात होतं.

गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे आपल्याला सोपं. सर्कलला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, नियम आपलाही तोच, तिकडे पाळतात एवढाच फरक. वेग मैलांत असतो, वस्तीत बहुतेक ३०, बाहेरच्या साध्या रस्त्यावर ६०, मोटरवेवर ७०, पण रिकामी व्हॅन ३.०५ टनांच्या वर असेल तर साध्या रस्त्यावर ५० च. खेड्यात एका गाडीपुरते रस्ते येतात, मधे मधे बाजूला घ्यायची जागा ठेवलेली असते, ती तुमच्या डाव्या बाजूला असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा म्हणजे समोरचा आत घेईल. चढावर येणाऱ्याला जागा द्या. ह्या बाजूच्या जागेत गाडी पार्क करून फोटो काढत बसू नका, शिव्या पडतील. लेक्समधल्या हार्डनॉट आणि रायनोज ह्या दोन घाटांत व्हॅन घालू नका, हार्डनॉटला चढ ३३ टक्क्यांपर्यंत आहे आणि रस्ता एका गाडीचा. गूगल मॅप्स 'जवळचा रस्ता' म्हणून तिकडेच पाठवतं. कर्कस्टोन पास चालेल, सावकाश.

शहरं बघायची पण व्हॅन शहरात न्यायची नाही. यॉर्कला गावाबाहेर पार्क अँड राइडमध्ये लावा, उंच व्हॅन असेल तर कुठल्या साइटवर चालते ते आधी बघा, आणि बसने आत जा, मग तटबंदीवरून चाला, मिन्स्टर बघा, रेल्वे म्युझियम फुकट आहे. मँचेस्टरला बाहेर ट्रॅमच्या स्टॉपजवळ लावून आत. न्यूकॅसल, शेफील्ड आणि ब्रॅडफर्डला क्लीन एअर झोन आहे, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणारा भाग, साध्या कारला पैसे नाहीत पण जुन्या डिझेल व्हॅनना असू शकतात, तेव्हा व्हॅनचा नंबर सरकारी वेबसाइटवर टाकून बघा. न्यूकॅसलजवळच्या टाइन टनेलला टोलनाका दिसणारच नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचे असतात.

व्हॅन ताब्यात घेताना घाई करू देऊ नका. फोनवर व्हिडिओ घ्या, छप्पर, बंपर, टायर, आतली सगळी कपाटं, आणि त्या माणसाला प्रत्येक गोष्ट तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा: हीटर, गॅस, पाण्याचा पंप, फ्रिज. साइटवर वीज घेताना केबल आधी व्हॅनला, मग खांबाला लावायची, आणि केबल रीळवरून पूर्ण सोडायची, गुंडाळलेली ठेवली तर तापते. बऱ्याच साइटवर १० अँपियरच मिळतात, म्हणजे २३०० वॅट, आणि इंग्लंडची साधी किटली ३००० वॅटची, लावली की खट्, सगळं बंद. चहा गॅसवरच करा. टॉयलेटची टाकी म्हणजे एक सुटकेससारखा डबा, बाहेरच्या दारातून ओढून काढायचा, ओतायच्या जागी नेऊन नळकांडं वळवायचं, आणि ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं, नाहीतर गुडगुड करून पायांवर उडतं. लाल दिवा लागायची वाट बघू नका, एक दिवसाआड ओता. मग थोडं पाणी आणि निळं औषध घालून परत आत. हे काम कोणाचं ते घरातून निघतानाच ठरवा, तिथे नको.

खाण्याचं. छोटा कुकर, सोलां, मसाला, सुकी मिरची न्या, पण तूप, पेढे, मटणाचं काही न्यायला बंदी आहे, आणि मानकुराद आंबा न्यायचा तर आधी नियम बघा. सुके बांगडे घेऊन जायचा मोह होईल, बंद व्हॅनमध्ये तळून बघा मग चार दिवस पांघरुणाला वास. तांदूळ, डाळ, कडीपत्ता मँचेस्टरच्या रशोममध्ये किंवा ब्रॅडफर्डला आरामात मिळतो. मोठी सुपरमार्केटं रविवारी सहाच तास उघडी, खरेदी शनिवारी करा. व्हिटबीचे फिश अँड चिप्स खाच, पण यॉर्कशायरकडे बरीच दुकानं बीफच्या चरबीत तळतात, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारायचं, तेलात तळणारीही असतात.

आणि पबमध्ये बसल्यावर चावी ज्याच्याकडे आहे त्याने पिऊ नये. पिऊन मागे झोपलात तरी 'गाडी ताब्यात असताना नशेत' म्हणून केस होऊ शकते, त्यामुळे व्हॅन साइटवर लावून चालत पबला जाता येईल अशीच साइट निवडा.

परत करायच्या दिवशी डिझेल स्वतःच भरायचं, पंपावर माणूस नसतो, काळी नळी डिझेलची. टॉयलेटची आणि वापरलेल्या पाण्याची, दोन्ही टाक्या रिकाम्या, व्हॅन आतून झाडून, आणि विमान त्याच संध्याकाळचं ठेवू नका. टोल किंवा पार्किंगचा दंड आधी व्हॅनवाल्याकडे जातो, तो स्वतःची फी लावून तुमच्या कार्डावरून कापतो, म्हणून गोव्यात परतल्यावरही महिनाभर ते कार्ड बंद करू नका आणि टोल भरल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.