लिंबाचं फुलपाखरू आलंय: फवारणीचा पंप उचलण्याआधी नवती पाहा

संत्रा-लिंबाला पावसाची नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, फुटली आहे आणि काळी-पिवळी फुलपाखरं घिरट्या घालू लागली आहेत. एक-दोन वर्षांची कलमं आठवडाभरात नुसत्या काड्या झालेली मी पाहिली आहेत. प्रत्येक ठिकाणी चूक तीच, नवती कोणी पाहिलीच नव्हती.

मादी कोवळ्या पानावर एकेक पिवळसर अंडं घालते, मोहरीहूनही बारीक. तीन ते पाच दिवसांत अळी निघते. लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, तिथेच नजर फसते. मोठी हिरवी अळी डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते, उग्र वास सोडते. ती दिसेपर्यंत शेंडा गेलेला असतो. म्हणून दर तिसऱ्या दिवशी नवती पाहा, पावसाची उघडीप मिळाली की लगेच.

त्याच झाडावर प्रार्थना कीटक असतो: तिकोनी डोकं, पुढचे पाय जोडलेले. तो पान खात नाही, किडे धरून खातो. त्याची मादी फांदीवर फेस सोडते. तो सुकून बदामी, खरखरीत गाठ होते आणि तिच्यात शंभरावर अंडी असू शकतात. रोगाची गाठ समजून लोक ती छाटून जाळतात. तसं करू नका. त्याच्या पिल्लांना मोठं व्हायला महिने लागतात. फुलपाखराची पिढी महिन्याभरात पुरी होते. दुकानदाराने माथी मारलेल्या महाग, कडक मिश्रणाने दोन्ही मेले, तर आधी परततं ते फुलपाखरूच.

ज्या ओळीत गाठी राखल्या तिथे अळ्या कमी, असं मला दिसतं. हा माझा अंदाज आहे. प्रार्थना कीटक मधमाशीही धरतो, तेव्हा निव्वळ त्याच्या भरवशावर बसू नका.

कामं:
- अंडी, अळ्या, कोष हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे
- ५ टक्के निंबोळी अर्क (१०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी)
- अळ्या लहान असतानाच बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची भुकटी) १ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी
- बांधावरचा बेल आणि परसातला कढीपत्ता तपासणे; याच अळ्या तिथेही वाढतात

रोपवाटिकेत मात्र तीन दिवसही थांबू नका, एक दिवसाआड वाफ्यातून फिरा. हातभर उंचीच्या रोपाला दोन मोठ्या अळ्या पुरतात.