विवरणपत्र भरताना या चुका टाळा: वर्षाची बेरीज आपली आपणच करावी लागते

इंदूरच्या रामबाग आणि लोकमान्य नगर भागातील परिचितांची प्राप्तिकर विवरणपत्रे मी अनेक वर्षे भरून देत आहे आणि दर जुलैत त्याच चार-पाच चुका समोर येतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. कंपनीला तिने दिलेला पगार दिसतो, बँकेला तिच्याकडची ठेव दिसते आणि आयकर विभागाला पॅनमुळे जवळपास सगळेच दिसते. या सगळ्याची बेरीज करणे हे करदात्याचे काम आहे आणि नेमके तेच राहून जाते.

सर्वांत महागात पडते ती वर्षाच्या मध्येच नोकरी बदलल्यावर आधीच्या पगाराची माहिती नव्या कंपनीला न देण्याची चूक. आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा आर्थिक वर्ष २०२५-२६ चे दोन फॉर्म १६, म्हणजे पगार आणि करकपातीचे कंपन्यांनी दिलेले दाखले, घेऊन आला. दोन्हींवर करकपातीच्या रकान्यात शून्य होते आणि "काका, कर काही लागत नाही, फक्त रिटर्न भरून टाका," एवढेच त्याचे म्हणणे होते. एप्रिल ते ऑगस्ट त्याला महिना एक लाख रुपये पगार होता. वर्षाचे बारा लाख धरून त्यातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की नवीन करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला मिळणाऱ्या कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून पहिल्या कंपनीने काहीच कापले नाही. सप्टेंबरपासून दीड लाखांप्रमाणे सात महिन्यांचे साडेदहा लाख झाले. दुसऱ्या कंपनीने तेवढेच उत्पन्न धरले, त्यातून पुन्हा ७५,००० वजा केले आणि तिच्याही हिशेबात कर शून्यच आला. मी वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक मांडले. एकूण १५,५०,०००, वजावट एकदाच, म्हणून करपात्र उत्पन्न १४,७५,०००. त्यावर कर १,०१,२५० आणि ४ टक्के उपकर मिळवून १,०५,३०० रुपये. आगाऊ कर न भरल्याचे व्याज त्याहून वेगळे. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला, कारण हातातले सगळे पैसे त्याने मोटारीसाठी भरले होते आणि शेवटी कराची रक्कम वहिनींची एक मुदत ठेव मोडून उभी करावी लागली.

तेव्हापासून कोणी नोकरी बदलल्याचे सांगितले की मी त्याला पहिल्याच आठवड्यात जुन्या कंपनीच्या पगाराचा आणि कपातीचा तपशील नव्या कंपनीच्या लेखा विभागाला लेखी द्यायला लावतो. त्यामुळे हातात येणारा पगार कमी होतो, म्हणून तरुण मंडळी ते टाळतात. पण त्याने कर कमी होत नाही. तो फक्त पुढे ढकलला जातो आणि व्याज घेऊन परत येतो.

उतावळेपणाने काही जण एप्रिल-मे महिन्यांतच विवरणपत्र भरून मोकळे होतात. कंपन्या शेवटच्या तिमाहीच्या करकपातीचा तपशील ३१ मेपर्यंत भरतात आणि फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत हाती येतो. त्याआधी २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता, अपुरा असतो, म्हणून १५ जूनपूर्वी मी कोणाचेही विवरणपत्र हातात घेत नाही. आधी एआयएस, म्हणजे आयकर विभागाकडे असलेले आपल्या वर्षभराच्या व्यवहारांचे विवरण, उतरवून घ्यावे, त्यातील व्याज, लाभांश आणि शेअर विक्रीची प्रत्येक नोंद पासबुकाशी ताडून पाहावी आणि मगच लिहायला बसावे.

दुसरी चूक ज्येष्ठांच्या बाबतीत घडते आणि तिचे मला अधिक दुःख आहे. रामबागेतील एक मावशी कापडी पिशवीत ठेवींच्या सगळ्या पावत्या घेऊन आल्या होत्या. त्यांचे एकूण उत्पन्न करपात्र नव्हते, परंतु बँकेला १५एच, म्हणजे 'माझ्या उत्पन्नावर कर बसत नाही, तो कापू नका' ही ज्येष्ठांची लेखी घोषणा, न दिल्यामुळे दरवर्षी व्याजातून १० टक्के रक्कम कापली जात होती आणि "कर लागत नाही तर रिटर्न कशाला," असे कोणीतरी सांगितल्यामुळे त्यांनी विवरणपत्र कधीच भरले नव्हते. चालू वर्षाचा परतावा मिळाला. मागील वर्षांची मुदत उलटून गेली होती आणि ते पैसे गेले. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी व्याजावरील करकपातीची मर्यादा वर्षाला एका बँकेमागे एक लाख रुपये झाली आहे. त्याहून जास्त व्याज मिळणार असेल आणि एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल, तर दरवर्षी एप्रिलमध्येच प्रत्येक बँकेत ही घोषणा नव्याने द्यावी आणि पोच घ्यावी.

मार्चअखेरीस घाईने विमा पॉलिसी घेण्याची सवय सोडावी. आपण नवीन करप्रणालीत असाल तर विमा-पीपीएफसारख्या बचतीवरची वजावट (आधीच्या कायद्यातील ८०सी) मिळतच नाही आणि पॉलिसीचे हप्ते मात्र वर्षानुवर्षे भरावे लागतात. पीपीएफमध्ये पैसे घालायचेच असतील तर ५ एप्रिलच्या आत घालावेत, कारण व्याज दर महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर मोजले जाते, ७.१ टक्के दराने दीड लाखांवर पूर्ण वर्षाचे १०,६५० रुपये होतात. जुनी करप्रणाली निवडायची असेल तर नोकरदारांनी ३१ जुलैच्या आत विवरणपत्र भरावे, उशिरा भरल्यास तो पर्याय राहत नाही. या जुन्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत मोजताना इंदूरसाठी मूळ पगाराच्या ४० टक्के धरावेत; ५० टक्के मोजक्या महानगरांसाठी आहेत.

परताव्याच्या रकमेवर टक्केवारी घेणाऱ्या माणसाकडे कृपया जाऊ नका. तो न दिलेल्या देणग्या आणि न भरलेले भाडे दाखवतो, सही मात्र आपली असते आणि उत्पन्न चुकीचे दाखवल्याचा दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के असू शकतो.

विवरणपत्र सादर केल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करणेही अनेकांच्या लक्षात राहत नाही आणि मग ते उशिरा झालेल्या पडताळणीच्या तारखेलाच भरलेले धरले जाते. मी समोरच्याला उठूच देत नाही; आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी तिथेच टाकून घेतो आणि पोचपावतीची एक प्रत त्याच्या हातात देतो.