जुन्या रेडिओवर नागपूर कसं लावायचं

बाबांचा ट्रान्झिस्टर माळ्यावर पडला असंन तर काढा. सेल नवे टाका. आतल्या पत्तीवर हिरवं चढलं असंन तर पॉलिश पेपरनं घासा. मग बटण मीडियम वेव्हवर अन् काटा ५८५ किलोहर्ट्झवर, तिथं नागपूर आकाशवाणी लागते. खरी गंमत पुढंच. आत फेराइटची, म्हणजे रेडिओच्या लहरी पकडणारी काळी आडवी कांडी असते, तिची लांब बाजू स्टेशनाकडं पाहिजे, टोक नाही. आमच्या आर्वीहून नागपूर उगवतीला, म्हणून रेडिओचं तोंड उगवतीकडं करा, हळूहळू फिरवा. खरखर आली तर एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर बंद. मुंबई केंद्र १९२७ चं, ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव १९३६ चं. नागपूर १९४८ चं. बाबा त्याले स्वातंत्र्यानंतरचं पोट्टं म्हणत.